काचेच्या पेटीतलं बाळ आणि भीमाचा पाळणा

माझी भाची तिसाव्या आठवड्यात जन्माला आली. वजन एक किलो १८० ग्रॅम. साखरेची एक किलोची पिशवी हातात घेऊन बघा, त्याहून थोडंसं जास्त. जन्मल्याबरोबर तिला पेटीत ठेवलं. आमच्याकडे 'बाळ काचेत आहे' असं म्हणतात. हे ऐकलं की समोरचा माणूस पुढे काही विचारत नाही. 'होईल बरं' म्हणतो आणि विषय बदलतो.

गेल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. घरातली गोष्ट चारचौघांत मांडावी की नाही, हे मला बरेच महिने कळत नव्हतं. शेवटी ताईलाच विचारलं. ती म्हणाली, "लिही. पण रडगाणं लिहू नकोस."

म्हणून रडगाणं लिहीत नाही. गाण्याबद्दल लिहितो.

ज्यांनी कोलशेत पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ठाण्यातलं खाडीकाठचं हे गाव. मूळ वस्ती आगरी-कोळ्यांची. खाडीतली मासळी आणि रेती यांवर जगणारं गाव होतं. पुढे रंग-रसायनांचे कारखाने आले आणि त्यांच्या मागोमाग आमच्यासारखी माणसं आली. माझे आजोबा १९७२च्या दुष्काळात जालन्याकडून निघाले ते इथे येऊन थांबले. कारखान्यात कंत्राटी हमाल म्हणून लागले. आता ते कारखाने गेले आणि त्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. माझी ताई त्यातल्याच एका संकुलात कंत्राटी सफाई कामगार आहे. जमिनीचा भाव कुठल्या कुठे गेला. आमच्या घरातला 'कंत्राटी' हा शब्द मात्र तिसऱ्या पिढीतही तसाच आहे.

ताई सातव्या महिन्यापर्यंत कामावर जात होती. जिने पुसायचे, बादल्या उचलायच्या, कचऱ्याचे डबे सर्व्हिस लिफ्टने खाली आणायचे. तपासणीसाठी अर्धा दिवस मागितला तर सुपरवायझर म्हणायचा, "घरीच बसा, दुसरी ठेवतो." एका संध्याकाळी तिचे पाय सुजले, डोकं फुटायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. रक्तदाब इतका वाढला होता की डॉक्टर म्हणाले, आई वाचवायची असेल तर बाळ आत्ताच काढावं लागेल. कामामुळेच रक्तदाब वाढला असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनीही तसं म्हटलं नाही. पण तो वाढतोय हे वेळेवर कळायला तपासणी लागते, आणि तपासणीला सुट्टी लागते. ती तिला मिळाली नाही, एवढं मी नक्की सांगू शकतो.

रात्रीची वेळ होती, म्हणून जे जवळ होतं त्या खासगी रुग्णालयात नेलं. तिथल्या नवजात विभागाबाहेर एक चकचकीत फलक होता. त्यावर इतर सुविधांबरोबर 'म्युझिक थेरपी' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. आत छताजवळच्या स्पीकरवर दिवसभर संस्कृत मंत्र आणि बासरी चालू असायची. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा बरंच वाटलं. वाटलं, पैसे जातायत पण बाळाची काळजी घेतायत. संगीत ऐकवतायत म्हणजे मोठंच रुग्णालय आहे.

त्या पाच दिवसांत ताईने आपली मुलगी दोनदा पाहिली. दोन्ही वेळा काचेतून. हात लावायचा नाही, आत यायचं नाही, इन्फेक्शन होईल. आईला हे पटेना. तिने काउंटरवर जाऊन विचारलं, "बाळाला गाणीच ऐकवताय ना, मग तिच्या आईचा आवाज ऐकवा की. तो तिच्या ओळखीचा आहे."

काउंटरवरचा मुलगा हसून म्हणाला, "आजी, ते शास्त्रीय असतं. ठरलेलं म्युझिक असतं."

मित्रांनो, या 'शास्त्रीय' शब्दापाशी मी अडकलो. मराठीत हा शब्द मोठा चलाख आहे. विज्ञानाच्या कसोटीवर उतरलेलं तेही शास्त्रीय, घराण्यांच्या गवयांचं गाणं तेही शास्त्रीय, आणि शास्त्रांत सांगितलंय म्हणून तेही शास्त्रीय. तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दाच्या पदराखाली लपतात. मग मंत्राची कॅसेट विज्ञान म्हणून खपते, आणि जात्यावर ओवी म्हणणाऱ्या बाईचा आवाज अडाणी ठरतो. गर्भसंस्काराच्या सीडींचा बाजार याच गोंधळावर उभा आहे. संस्कार त्यांचे, गर्भ मात्र सगळ्यांचे.

त्या रात्री कॉरिडॉरमधल्या बाकड्यावर बसून मी मोबाइलवर वाचायला लागलो. म्युझिक थेरपीचं विज्ञान खरोखर काय सांगतं? जे सापडलं ते वाचून मला हसावं की रडावं कळेना.

न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयातल्या संगीतोपचारतज्ज्ञ जोआन लोवी यांच्या पुढाकाराने ११ रुग्णालयांतल्या २७२ अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर एक अभ्यास झाला. २०१३ मध्ये तो बालरोगशास्त्राच्या नामांकित नियतकालिकात छापून आला. त्यात बाळांना तीन प्रकारचे आवाज ऐकवले. गर्भाशयातल्या सळसळीसारखा एक, हृदयाच्या ठोक्यासारखा दुसरा, आणि तिसरं गाणं. हे गाणं तज्ज्ञांनी ठरवलेलं नव्हतं. आईवडिलांना विचारलं, तुमच्या घरातलं, तुमच्या माणसांचं गाणं कोणतं? ते प्रार्थनेचं असो की रेडिओवरचं, त्याला अंगाईच्या संथ लयीत आणून बाळाच्या श्वासाशी जुळवून गायलं गेलं. इंग्रजीत त्यांनी त्याला जे नाव दिलं त्याचा अर्थ सरळ आहे: नात्यातलं गाणं. तिन्ही प्रकारांत बाळांच्या हृदयाचे ठोके संथ झाले, गाण्याच्या वेळी बाळं शांत पण जागी राहिली, आणि आईवडिलांवरचा ताण कमी झाला.

म्हणजे आई काउंटरवर जे बोलली तेच. ती कधी शाळेत गेली नाही, पण काउंटरवरच्या मुलापेक्षा ती विज्ञानाच्या जास्त जवळ होती.

याला कारणही आहे. बाळाला पोटात असतानाच, साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून ऐकू यायला लागतं. बाहेरचे आवाज त्याच्यापर्यंत पाण्यातून, मांसातून दबून येतात. आईचा आवाज मात्र तिच्या स्वतःच्या हाडामांसातून येतो. १९८०च्या एका प्रसिद्ध प्रयोगात असं दिसलं की तीन दिवसांच्या आतली बाळंसुद्धा आईचा आवाज ओळखतात आणि तो ऐकायला मिळावा म्हणून आपली चोखण्याची लय बदलतात. माझ्या भाचीने पोटात जे ऐकलं होतं त्यात ताईचा आवाज होता, बादल्यांचा खडखडाट होता, वस्तीतला गलका होता आणि रविवारी विहारातली वंदना होती. स्पीकरवरचा मंत्र तिच्यासाठी अगदी परका होता.

आणखी एक गोष्ट वाचली, ती आपल्या लोकांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी अशा बाळांसाठी एका नामवंत संगीतकाराकडून खास संगीत तयार करून घेतलं. कोणती वाद्यं वापरायची हे ठरवण्यासाठी त्यांनी बाळांनाच वेगवेगळी वाद्यं ऐकवून पाहिली. सगळ्यांत जास्त प्रतिसाद कशाला मिळाला असेल? भारतातल्या गारुड्याच्या पुंगीला. खूप चाळवलेली बाळं ती ऐकताच शांत व्हायची. २०१९ मध्ये या संशोधनाचे निष्कर्ष छापून आले. आपल्याकडे ज्या गारुड्याला गावकुसाबाहेर पाल ठोकायला लावतात, त्याची पुंगी जिनिव्हाच्या अतिदक्षता विभागात वाजते. आणि ठाण्याच्या अतिदक्षता विभागात एका सफाई कामगार बाईचा आवाज तिच्या स्वतःच्या लेकीपर्यंत पोहोचू शकत नाही.

सहाव्या दिवशी पैसे संपले. दाजींनी रिक्षा गहाण ठेवायची भाषा सुरू केली तेव्हा आम्ही बाळाला सरकारी रुग्णालयात हलवलं. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आण मोफत आहे. मी चळवळीत बारा वर्षं आहे. मोर्चे काढले, निवेदनं दिली. पण हा हक्क मला पहिल्या रात्री आठवला नाही. पाच दिवसांनी आठवला. ही माझी चूक आहे आणि ती मी इथे लिहून ठेवतो.

सरकारी विभागात गर्दी होती. स्पीकर नव्हता, फलकही नव्हता. यंत्रांचा टिवटिवाट आणि माणसांची धावपळ. पण तिथल्या इन्चार्ज सिस्टरांनी नवव्या दिवशी बाळाचा श्वास जरा स्थिरावल्यावर ताईला आत बोलावलं. गाऊन दिला, खुर्चीवर बसवलं आणि फक्त टोपी आणि लंगोट घातलेलं ते एवढंसं बाळ तिच्या उघड्या छातीवर उभं ठेवून वरून कापड बांधलं. म्हणाल्या, "आता हीच पेटी. आणि बोला तिच्याशी. गप्प बसू नका."

याला कांगारू मदर केअर म्हणतात. ही पद्धत कुठून आली ते कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. १९७८ मध्ये कोलंबियाच्या बोगोटा शहरातल्या एका गोरगरिबांच्या प्रसूतिगृहात पेट्या कमी पडत होत्या. एका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळं ठेवावी लागत आणि जंतुसंसर्गाने ती जात. तेव्हा डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळांना आयांच्या छातीवर बांधायला सुरुवात केली, आणि डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी ते काम पुढे नेलं. श्रीमंत देशांच्या प्रयोगशाळेत नाही, तर अभावात निघालेला हा शोध. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत या देशांतल्या पाच रुग्णालयांत अभ्यास केला. भारतातलं रुग्णालय होतं दिल्लीचं सफदरजंग. एक किलो ते एक किलो ८०० ग्रॅमच्या आतल्या ३२११ बाळांचा हा अभ्यास २०२१ मध्ये छापून आला. जन्मानंतर लगेच आईच्या छातीवर ठेवलेल्या बाळांत पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १२ टक्के, आणि आधी पेटीत ठेवून स्थिर झाल्यावर आईकडे दिलेल्या बाळांत १५.७ टक्के. म्हणजे मृत्यूंत जवळपास एक चतुर्थांश घट. खासगी रुग्णालयात इन्फेक्शन होईल म्हणून जिला काचेबाहेर उभं केलं होतं, ती आईच उपचार होती.

मुंबईला तर हे नवीन नाही. धारावीला लागून असलेल्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दूध पेढी सुरू केली. पावडरच्या डब्यापेक्षा वस्तीतल्या बाईच्या दुधावर विश्वास ठेवला. दुधावर जो विश्वास ठेवला तोच आवाजावर ठेवायला काय हरकत आहे?

ताई पहिल्या दिवशी गप्पच बसली. लाज वाटत होती. आजूबाजूला इतर आया, वॉर्डबॉय, शिकाऊ डॉक्टर. दुसऱ्या दिवशी सिस्टर पुन्हा रागावल्या तेव्हा ती हळूच गुणगुणायला लागली. तिला एकच पाळणा पूर्ण येतो. आमच्या वस्तीत १४ एप्रिलला बायका पाळणा सजवतात, त्यात बाबासाहेबांचा फोटो ठेवतात आणि भीमजन्माचा पाळणा म्हणतात. आईने तो तिच्या आईकडून घेतला, ताईने आईकडून. तोच ती म्हणाली. शब्द ऐकू येत नव्हते, नुसता एक घरघरता सूर तिच्या छातीतून निघत होता.

अशी बाळं मधूनच श्वास घ्यायला विसरतात. मग सिस्टर तळपायाला टिचकी मारतात आणि बाळ दचकून श्वास घेतं. त्या दुपारी पाऊण तासात टिचकी मारावी लागली नाही. गाण्यामुळे असं झालं, असं मी म्हणणार नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या खुर्चीवरच्या बाळाची आजी दारातून ऐकत होती. ताई बाहेर आल्यावर तिने विचारलं, "हे कसलं गाणं म्हणता? देवाचं म्हणा की काहीतरी." ताई म्हणाली, "आमच्या घरचं आहे." त्यावर ती बाई म्हणाली, "तुमच्यात हेच म्हणतात का?"

'तुमच्यात'. मित्रांनो, हा शब्द आपल्याला आयुष्यभर ऐकावा लागतो. शाळेत, भाड्याची खोली बघताना, ऑफिसच्या डब्याच्या वेळी. पण एक किलोचं बाळ छातीवर घेऊन बसलेल्या बाईलाही तो चुकला नाही. ताई दोन दिवस गायली नाही. मी संतापलो, भांडायला निघालो होतो. आईने मला थांबवलं आणि ताईला एवढंच म्हणाली, "तू तिच्यासाठी गातेस की तुझ्या लेकीसाठी?" तिसऱ्या दिवशी ताईने परत सुरुवात केली.

त्याच आठवड्यात त्या आजीचं नातवंड गेलं. रक्तात जंतू पसरले होते. त्याची आईही रोज गायची, कुठल्याशा देवीचं गाणं. ताई तिच्याजवळ जाऊन बसली. त्या दुपारी वॉर्डात कोणीच गायलं नाही.

हे मी मुद्दाम लिहितोय. कारण आपल्यातलेच काही जण उद्या भीमगीताने बाळ वाचलं असा व्हिडिओ बनवतील. तसं काही नाही. मंत्राने रोग जात नाही, आणि भीमाच्या पाळण्यानेही जात नाही. बाळाला ऑक्सिजन लागतो, प्रतिजैविकं लागतात, हात धुणारे कर्मचारी लागतात, पुरेशा सिस्टर लागतात. भंडाऱ्यात जानेवारी २०२१ मध्ये जिल्हा रुग्णालयाच्या नवजात विभागाला आग लागून दहा बाळं गेली. तिथे कुठलं गाणं पुरलं असतं? संगीताबद्दलचे पुरावेही आपण आहेत तेवढेच सांगायला हवेत. २०२३ मध्ये २५ चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. संगीताने रक्तातला ऑक्सिजन वाढतो असं त्यात दिसलं नाही. हृदयाचे ठोके काहीसे संथ होतात आणि अपाय झाल्याचं आढळलं नाही, एवढंच दिसलं. बाबासाहेबांनी आपल्याला पुरावा बघायला शिकवलंय. तो आपल्या बाजूचा असो वा नसो.

मग माझा आग्रह कशासाठी? आई आत असण्यासाठी. गाणं हे आई आत असल्याची खूण आहे. स्पीकर लावून आईला बाहेर ठेवलं तर ती थेरपी नव्हे, जाहिरात आहे. आईला आत घेतलं, बसायला खुर्ची दिली, बाळ छातीवर दिलं, तर ती आपोआप बोलेल, गुणगुणेल. तिला जे येतं ते गाईल. कोणी भीमाचा पाळणा, कोणी देवीचं गाणं, कोणी सिनेमातलं. स्पीकरवरचा मंत्र जिचा आहे तिने तो जरूर म्हणावा, तो तिच्या नात्यातला आहे. माझा विरोध एकाच घरातलं गाणं सगळ्यांचं 'शास्त्रीय' म्हणून लादायला आहे.

काही कार्यकर्ते मित्र म्हणाले, आरक्षणावर घाला येतोय, अत्याचार होतायत, आणि तू अंगाईवर काय बोलतोस? त्यांना मी रमाईची आठवण करून देतो. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न. चार लेकरं त्या घरातून गेली. राजरत्न १९२६ मध्ये गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै १९२८ मध्ये, बाबासाहेब मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि त्याचा काही भार सरकारनेही उचलावा, अशी मांडणी त्यांनी तेव्हा केली. पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. आज कायद्यात सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे. माझ्या ताईला सव्वीस मिनिटांचीही मिळाली नाही, कारण ती कंत्राटदाराच्या वहीत आहे आणि कंत्राटदार कायद्याच्या बाहेर आहे. २०२० मध्ये भारतात ३० लाखांहून जास्त बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मली, जगातल्या अशा बाळांच्या एक पंचमांशाहून जास्त. आणि अनुसूचित जाती-जमातींत बालमृत्यू इतरांपेक्षा जास्त आहेत, हे सरकारचं कुटुंब आरोग्य सर्वेक्षण वेळोवेळी दाखवतं. अंगाई हा प्रश्न या सगळ्याच्या बाहेरचा नाही.

गाण्याचं म्हणाल तर आपली चळवळ गाण्यावरच तर उभी राहिली. भीमराव कर्डकांच्या जलशांपासून वामनदादांपर्यंत, गावोगाव बाबासाहेब पोहोचले ते गाण्यातून. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या म्हटल्या, आणि गी पॉइटविन व हेमा राईरकर यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात त्या नोंदवल्या गेल्या. पण आपण स्टेजवरच्या शाहिरांना मानलं, आणि पाळण्याजवळ गाणाऱ्या बायकांना विसरलो.

आता एक कडू गोष्ट. मी आमच्या जयंती समितीत सहा वर्षं आहे. डीजे मी ठरवलाय, पैसे मी जमवलेत. नवजात विभागातला आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये, अशी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. माणसांचं साधं बोलणंही साठच्या आसपास असतं. आपल्या देशातल्या ध्वनिप्रदूषण नियमांत रुग्णालयाभोवतालचे शंभर मीटर शांतता क्षेत्र आहे, रात्री ४० डेसिबलची मर्यादा. आणि आपल्या मिरवणुका कुठून जातात? ताई बाळ छातीवर घेऊन बसली असताना बाहेरून एक वरात गेली. काच थरथरली आणि बाळाचे दोन्ही हात दचकून हवेत गेले. ती आमची मिरवणूक नव्हती. असू शकली असती. आधी गणपतीवाल्यांनी बंद करावं मग आम्ही करू, हा युक्तिवाद मीही खूप वर्षं केलाय. आता करवत नाही. या वर्षी आमच्या समितीत मी डीजेला विरोध केला. भांडण झालं. मुख्य मिरवणुकीत डीजे राहिला, पण रुग्णालयाच्या रस्त्याने जायचं नाही एवढं ठरलं. अर्धवट जिंकलो, असं समजा.

आता कामाचं. तरुण मित्रांनो, २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी नवजात विभागांत कुटुंबाला काळजीत सहभागी करून घेण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ती कागदावर आहेत. आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात माहिती अधिकाराचा एक अर्ज टाका. विचारा, ही तत्त्वं आमच्या विभागात लागू केली आहेत का? आयांसाठी किती खुर्च्या, किती खाटा आहेत? आईला दिवसातून किती तास आत सोडता? बाळ दाखल असेपर्यंत आईला जेवण मिळतं का? रोज किती बाळांना कांगारू केअर दिली जाते, त्याची नोंद आहे का? एका सिस्टरमागे किती बाळं आहेत? उत्तर आलं की ते घेऊन अधीक्षकांना भेटा. तोडफोड करायला नको. तिथल्या सिस्टर आपल्याच बाजूच्या असतात, त्यांना माणसं कमी पडतात. त्यांच्यासाठीही मागा. आणि वस्तीत ज्या कुणाचं बाळ काचेत असेल त्या घराला पहिल्या रात्रीच सांगा की सरकारी उपचार मोफत आहेत. माझ्यासारखं सहाव्या दिवशी नको.

आणि एक छोटं काम. आपल्या आयांना, आज्यांना येणारे पाळणे शब्दांसकट लिहून घ्या. माझ्या आईला येणारा पाळणा मला पूर्ण येत नव्हता, हे मला वॉर्डाबाहेर बसल्यावर कळलं.

भाची त्रेचाळिसाव्या दिवशी घरी आली, एक किलो ७६० ग्रॅमची होऊन. डोळ्यांच्या तपासण्या झाल्या, कानाची झाली, अजून दर महिन्याला न्यावं लागतं. ताईची नोकरी गेली, दुसरी शोधतेय. रुग्णालयात तिच्या पायाला 'बेबी ऑफ' आणि पुढे ताईचं नाव अशी पट्टी होती. आईने ती जपून ठेवली आहे.

१४ एप्रिलला रात्री बारा वाजता वस्तीतल्या बायकांनी पाळणा सजवला. ताई बाळाला घेऊन आली. मला वाटलं होतं, ओळखीचं गाणं ऐकून ती शांत झोपेल, आणि हा लेख मी तिथेच संपवेन. ती झोपली नाही. वीस बायकांचा आवाज एकदम चढला तशी ती मोठ्याने रडायला लागली. सगळ्याजणी हसल्या आणि थांबल्या. आई म्हणाली, "हळू म्हणा गं, लेकरू आहे." मग सगळ्यांनी हळू आवाजात पहिल्यापासून सुरुवात केली.

जय भीम!